करोल बाग ते टिळक नगर: दिल्लीच्या रॅपचा पश्चिम काठ

अजमल खान रोडवरची कपड्यांची दुकाने आणि गफार मार्केटमधील मोबाइल दुरुस्तीचे गाळे यांवरून आज ओळखली जाणारी करोल बाग मुळात विस्थापितांची वस्ती आहे. नवी दिल्लीच्या उभारणीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार येथून उठवलेल्या लोकांना इकडे वसवण्यात आले; १९२१ मध्ये हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते येथेच झाले आणि १९२५ मध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया ही संस्था अलीगढहून येथे आली. फाळणीनंतर इथल्या मुस्लिम कुटुंबांपैकी बरीच निघून गेली, पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी बाजार नव्याने उभा केला, आणि त्यांच्यासाठी पश्चिमेकडे वसाहती वसत गेल्या, ज्यांना पटेल, राजेंद्र प्रसाद, लोकमान्य टिळक अशा राष्ट्रीय नेत्यांची नावे देण्यात आली. दिल्लीतील हार्डकोर रॅपची, म्हणजे रस्त्यावरचे जगणे सौम्य न करता कठोर ठोक्यावर सांगणाऱ्या हिप हॉपची, एक महत्त्वाची शाखा याच पट्ट्यात रुजली, आणि ती समजण्यासाठी या वसाहतींचा इतिहास गायकांच्या चरित्राइतकाच आवश्यक ठरतो.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७३ च्या सुमारास आकाराला आलेल्या हिप हॉपमध्ये निर्माता म्हणजे पैसा पुरवणारा नव्हे, तर 'बीट' रचणारा. संगणकाच्या पडद्यावरील चौकटींत ड्रमचे ठोके एकेक करून मांडायचे, त्यांखाली खर्जातला बास अंथरायचा, जुन्या ध्वनिमुद्रणातला एखादा तुकडा, ज्याला सॅम्पल म्हणतात, कापून वेगळ्या लयीत फिरवायचा आणि शब्दांना श्वास घेता येईल एवढी जागा मध्ये मोकळी सोडायची, असे हे काम असते. करोल बागेच्या पश्चिमेला करमपुऱ्यात वाढलेले हिरदेश सिंग, अर्थात यो यो हनी सिंग, आधी पंजाबी गाण्यांचे असे निर्माते म्हणूनच पुढे आले. त्यांच्या 'माफिया मुंडीर' या गटातून बादशाह, रफ्तार आणि इक्का हे रॅपर निघाले. मात्र हनी सिंग यांच्या २०११ च्या 'इंटरनॅशनल व्हिलेजर' या संग्रहानंतर हा प्रवाह लग्नाच्या वराती आणि हिंदी चित्रपट यांच्याकडे वळला, आणि ज्या गल्ल्यांतून तो निघाला होता त्यांच्याविषयी त्याला फारसे काही सांगायचे उरले नाही.

ते सांगणे टिळक नगरचे रॅपर प्रभ दीप यांनी केले. त्यांची सुरुवात बी-बॉइंग, म्हणजे हिप हॉपमधील जमिनीलगतच्या कसरतवजा नृत्यापासून झाली. त्यांच्या वस्तीला लागूनच टिळक विहार ही वसाहत आहे, जिथे नोव्हेंबर १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात पती गमावलेल्या स्त्रियांना घरे देण्यात आली आणि जिला लोक आजही 'विधवा कॉलनी' म्हणतात. त्या घरांत वाढलेल्या पुढच्या पिढीतील कित्येक मुले अमली पदार्थांच्या आहारी गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या 'क्लास-सिख' या संग्रहात नशा, पोलीस, मारामाऱ्या आणि अकाली गेलेले मित्र हे विषय पंजाबी-हिंदी मिश्र बोलीत येतात तेव्हा ते अमेरिकेतून उसने आणलेले वाटत नाहीत, कारण फाळणी आणि चौऱ्याऐंशी अशा दोन आघातांची स्मृती त्या वस्तीच्या रचनेतच आहे. मित्रांच्या मृत्यूविषयी बोलतानाही हा कवी आवाज चढवत नाही, आणि त्या संयमामुळेच हा संग्रह भारतीय रॅपमधील अव्वल दर्जाच्या कृतींत मोडतो.

'क्लास-सिख'च्या बीट्स सेझ ऑन द बीट या नावाने काम करणारे दिल्लीचे निर्माते सजील कपूर यांच्या आहेत. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांचे 'मेरे गली में' हे मुंबईच्या गल्लीचे निशाण ठरलेले गाणेही त्यांच्याच बीटवर उभे होते. रॅपचा इतिहास मुंबईपुरता सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे. 'क्लास-सिख' प्रसिद्ध करणाऱ्या, २०१७ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या आझादी रेकॉर्ड्सने पुढे २०१८ मध्ये सीधे मौत या दिल्लीच्या जोडीचा सेझ यांनीच रचलेला 'बयान' हा संग्रह काढला, आणि नंतर मराठीतही रॅप करणाऱ्या मुंबईच्या स्वदेसी गटाचे, आरेतील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्या सहभागाचे 'द वारली रिव्होल्ट' हे गाणेही प्रसिद्ध केले, ज्यात मुंबईतील आरेच्या जंगलातील आदिवासींचा प्रश्न मांडला आहे.

प्रभ दीप स्वतः मात्र दुसऱ्याच्या बीटवर थांबले नाहीत. २०२१ च्या 'तबिया' या संग्रहामध्ये शब्दांबरोबर संगीताची रचनाही बहुतांशी त्यांचीच असून, 'क्लास-सिख'मधला कडक ठोका तेथे विरळ होत जातो आणि रॅपमध्ये गायन मिसळते. निर्माता आणि रॅपर एकच झाल्यामुळे ओळ कुठे तोडायची आणि बास कुठे गप्प करायचा हे एकाच कानाने ठरू लागले.