हडळ, ड्रॅक्युला आणि बाळंतिणीच्या उशाखालचा कोयता

रक्त पिणारी भुतं फक्त इंग्रजी चित्रपटांत असतात असं तुम्हाला वाटतं का? कोकणातल्या जुन्या गोष्टी आठवून पाहा. आपल्याकडचा वेताळ मात्र उगाच बदनाम झाला. रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि वेताळाला ‘व्हँपायर’ म्हटलं. प्रत्यक्षात तो रक्त पीत नाही, राजाला कोडी घालतो. कोकणात तर कित्येक गावांचा तो राखणदार देव आहे.

भीती असायची ती हडळीची. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, दुसऱ्या बाळंतिणीला धरते, मग ती बाई पांढरीफटक पडते, सुकत जाते, अशी समजूत. म्हणून बाळंतिणीच्या उशाखाली कोयता किंवा विळा ठेवत. लोखंडाला भूत भितं म्हणे.

लोकांनी पाहिलं ते खरं होतं

बाई पांढरी पडत होती, हे निरीक्षण अचूक होतं. कारण तेवढं चुकलं.

दिवस भरत आले की दर मिनिटाला सुमारे 500 ते 700 मिली रक्त गर्भाशयाकडे वाहत असतं. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आकसतं आणि उघड्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ते आकसलं नाही, तर थोड्याच वेळात जीव धोक्यात येतो. त्यातून बाई आधीच अशक्त असेल तर थोडा रक्तस्रावही तिला झेपत नाही.

अशक्तपणाचं एक कारण शेतात असायचं. अनवाणी पायांनी ओल्या मातीत वावरताना अंकुशकृमीच्या अळ्या कातडीतून शिरतात आणि पुढे आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितात. खरा व्हँपायर हाच, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

रक्त देण्याची सुरुवात

लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी रक्तस्रावाने दगावणाऱ्या बाळंतिणी पाहिल्या होत्या. माणसाचं रक्त माणसाला देण्याचे प्रयोग त्यांनी 1818 पासून केले. 1829 मध्ये त्यांनी अशीच एक बाळंतीण वाचल्याचं प्रसिद्ध केलं. पण काही रोगी रक्त मिळूनही दगावत, आणि का ते कळत नव्हतं.

1897 च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत लूसीला चार पुरुषांचं रक्त दिलं जातं. कुणीच गट तपासत नाही, कारण गट माहीतच नव्हते. ते कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये दाखवले. आज कुणी लूसीसारखा उपचार केला, तर ड्रॅक्युलाच्या आधी चुकीच्या गटाचं रक्तच तिचा जीव घेईल.

या इतिहासात मुंबईचंही नाव आहे. डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. नेहमीच्या तपासणीत हा गट ‘ओ’ वाटतो, पण या लोकांना साधं ‘ओ’ रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. म्हणून रक्त देण्याआधी क्रॉसमॅच करतात. त्यात वेळ जातो तेव्हा रक्तपेढीवर चिडू नका.

आता तुम्ही काय करायचं?

लोखंड उशाखाली नको, पोटात हवं. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर 180 दिवस त्या घ्यायच्या. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. जंताची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, पहिले तीन महिने उलटल्यावर.

बाळंतपण दवाखान्यातच करा. नंतर पॅड भराभर भिजू लागले, चक्कर आली, हातपाय गार पडले, तर अंगारा-धुपाऱ्यात एक मिनिटही घालवू नका. अंगारा लावायचाच असेल तर गाडीत बसल्यावर लावा.

आणि तुमचं वय 18 ते 65, वजन 45 किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असेल, तर रक्तदान करा. एका वेळी 350 मिली पुरतं. हडळीच्या गोष्टीतल्या त्या बाईला हवं होतं ते एवढंच.