विंचू, कोकेन आणि डॉक्टरला सांगायचं खरं

मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता फोन वाजला. आमच्या येलदरीचा एक पोरगा पुण्यात नोकरीला आहे, वय २६. छातीत कळ, अंग घामानं ओलंचिंब. मित्रांनी दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरला सांगितलं, "मटण खाल्लं, पित्त झालंय." खरं काय ते त्यातल्या एकानं बाहेर येऊन मला सांगितलं, मी पत्रकार म्हणून. "भाऊ, पार्टीत कोकेन घेतलं होतं. सांगितलं तर पोलीस केस होईल का?"

मी म्हणालो, "केसचं नंतर बघू. आत जा अन् डॉक्टरला आत्ताच्या आत्ता खरं सांग."

त्यानं सांगितलं. उपचार बदलले. पोरगा वाचला. एका खऱ्या वाक्यानं उपचार का बदलतात, हे शोधायला मी बसलो आणि पोचलो ते आपल्या ओळखीच्या विंचवापाशी.

आपलं धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. त्या कामावर दगड उचललेली म्हातारी माणसं सांगतात, विंचू चावला की आधी मांत्रिक. बहुतेकांचं ठणकण्यावर भागायचं. पण लाल विंचू चावलेल्या एखाद्या लेकराला दरदरून घाम यायचा, हातपाय गार पडायचे, तोंडाला फेस यायचा आणि उजाडेपर्यंत सगळं संपायचं. लोक म्हणायचे, विष काळजात गेलं.

लोक अगदीच चूक नव्हते. हे शास्त्रानं दाखवलं ते आपल्याच मराठवाड्यातल्या माणसानं. डॉ. हिम्मतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. रायगडात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाचा एकेक रुग्ण उशाशी बसून पाहिला. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी या रुग्णांच्या हृदयाची लक्षणं मांडली. विषामुळं शरीरात ॲड्रिनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या! प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हे छापलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कोकेन. तिथंही पूर तोच, फक्त वाट वेगळी. ही द्रव्यं काम झाल्यावर मज्जातंतू परत ओढून घेतात. कोकेन ते परत ओढणंच अडवतं. हृदय पळायला लागतं, त्याला जास्त रक्त लागतं आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या वाहिन्या आवळतात. वर रक्त गोठायची शक्यताही वाढते. म्हणून चरबी न साठलेल्या पंचविशीच्या पोरालाही झटका येऊ शकतो.

कोकेन आपल्याकडं काही आज आलेलं नाही. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ते भूल म्हणून वापरलं आणि जगभर त्याचं कौतुक झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत ते विड्याच्या पानातून खाल्लं जायचं आणि इंग्रज सरकार बंदी घालून थकलं होतं. पण हृदयाचा संबंध ठळक व्हायला १९८० चं दशक उजाडलं. जून १९८६ मध्ये लेन बायस हा २२ वर्षांचा अमेरिकन बास्केटबॉलपटू मोठ्या संघात निवड झाल्यावर दोनच दिवसांत कोकेननं गेला. इकडं महाडची गोळी छापून आली, तेही हेच साल.

१९८९ मध्ये डॅलसच्या डॉक्टरांनी हृदयतपासणीला आलेल्या, तयार झालेल्या ४५ रुग्णांवर प्रयोग केला. काहींना नाकावाटे मोजकं वैद्यकीय कोकेन दिलं. हृदयाच्या वाहिन्या आकसल्या. फेन्टोलामीन दिल्यावर त्या परत मोकळ्या झाल्या. फेन्टोलामीन म्हणजे प्राझोसिनच्याच गोतावळ्यातलं औषध! पुढच्या वर्षी त्यांना दिसलं की प्रोप्रॅनोलॉल दिलं तर आवळणं आणखी वाढतं. हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध. हृदयाचा वेग कमी करायला हा गट एरवी सर्रास वापरतात.

म्हणून ते एक वाक्य महत्त्वाचं. कोकेन माहीत असेल तर डॉक्टर ईसीजी काढतात, ॲस्पिरिन आणि नायट्रोग्लिसरीन देतात, डायझेपामसारखं शांत करणारं औषध देतात आणि बीटा ब्लॉकरबाबत हात आखडता घेतात. नंतरच्या काही अभ्यासांत तेवढा धोका दिसला नाही, त्यावर तज्ज्ञांत वाद आहे, पण ऐन झटक्यात सावधपणाच बरा. गुठळीनं वाहिनी बंद असेल तर अँजिओप्लास्टी लागतेच. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यांना माहीत तर पाहिजे!

२००३ मध्ये अमेरिकेत कोकेननंतर छातीत दुखलेल्या ३४४ जणांचा अभ्यास छापला गेला. कमी धोक्याच्या रुग्णांना ९ ते १२ तास देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं. पुढच्या ३० दिवसांत हृदयविकारानं कुणी गेलं नाही. चौघांना झटका आला, ते चौघंही कोकेन घेतच राहिलेले.

राहिली पोलिसांची भीती. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कोकेन सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ते लपवत नाही. पण त्याच कायद्याचं कलम ६४ अ सांगतं, की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. केस लढता येते. गेलेला पोरगा परत आणता येत नाही.

पूर्वी विंचवाचं लेकरू मांत्रिकाकडं नेण्यात वेळ जायचा. आता तोच वेळ "पित्त झालंय" म्हणण्यात जातोय. पोरं बाहेरगावी असलेल्या आईबापांनो, पोरांना एवढं सांगून ठेवा: काहीही केलं असलं तरी डॉक्टरशी खोटं बोलू नको. छातीत कळ आली तर १०८. व्यसन सोडायचं असेल तर १४४४६, फोन मोफत आहे.

तो पोरगा दिवाळीला गावी आला होता. धरणावर भेटला. म्हणाला, "भाऊ, बंद केलं." मी म्हणालो, "पुढच्या दिवाळीलाही येऊन हेच सांग."