घाट घरात कसा आणायचा? मल्लखांब ते ट्रेनर

आजचा विषय सायकलचा, पण सुरुवात मल्लखांबापासून करू. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांब पुन्हा रुजवला. नावच बघा ना, मल्लाऐवजी खांब. जोडीदार नसला तरी पकड, मांड, उलटसुलट अंग टाकणं याचा सराव होतो. खांब उलटा डाव मात्र टाकत नाही. म्हणजे नक्कल खऱ्यातला एखादाच भाग उचलते. ही गोष्ट आपण शेवटपर्यंत लक्षात ठेवू.

आता आपल्या मुलखात येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज औंध साताऱ्यात, वाडी सांगलीत. त्याच औंधच्या बाळासाहेब पंतांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. घरातल्या घरात व्यायाम ही कल्पना आपल्याकडे काही नवी नाही.

तिकडे अमेरिकेत १९०० च्या सुमारास मेजर टेलर आणि चार्ल्स मर्फी हे शर्यतपटू चक्क रंगमंचावर, रोलरवर सायकल चालवून शर्यती लावत. रोलरवर तोल आणि लय येते, पण चढ नाही. पुढे पंख्याचे, चुंबकाचे ट्रेनर आले. २०१२ मध्ये वाहू कंपनीचा किकर आला. त्यात मागचं चाक काढून साखळी थेट यंत्रावर चढवायची, आणि पडद्यावरच्या चढाप्रमाणे ओझं आपोआप बदलतं. २०१७ मध्ये त्याच कंपनीने पुढचा भाग उचलणारं यंत्र आणलं, २० टक्के चढापर्यंत.

मग घाट घरात आला का? हिशोब करू. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, चढ ८ टक्के, वेग ताशी १० किलोमीटर. नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे १७५ वॅट लागतात. तेवढ्याच ताकदीत सपाटीवर वेग साधारण ३० होतो. वेग तिप्पट, म्हणजे गतीत साठलेला जोर नऊपट. म्हणून सपाटीवर पाय क्षणभर ढिला पडला तरी सायकल पळते, घाटात तिथल्या तिथे अडखळते. ट्रेनरचं जड चाक जोरात फिरत असेल, तर वॅट घाटाचे आणि चाल सपाटीची, असं होतं.

निवड इथेच ठरते. टायर दाबून फिरणाऱ्या स्वस्त ट्रेनरवर तीव्र चढाला चाक घसरतं. थेट साखळीचा ट्रेनर तो भार पेलतो. त्यावर पुढची लहान चकती लावा, म्हणजे जड चाक हळू फिरेल आणि पाय घाटासारखा अडेल. पुढचा भाग उचलणारं यंत्र कंबर-पाठीला चढाच्या कोनाची सवय लावतं, भार वाढवत नाही. पैसे मोजके असतील तर ते शेवटी घ्या.

साताऱ्याच्या माणसाला यवतेश्वरचा घाट दारात आहे. त्याला ट्रेनर लागतो तो पावसाळ्यात, धुक्यात. सांगलीकर कृष्णाकाठच्या सपाटीवर, त्याला तो वर्षभर लागेल. पण पसरणी घाटातलं वळण, एसटीचा हॉर्न आणि उतारावरचा ब्रेक कुठलंच यंत्र शिकवत नाही. खांबावर तयार झालेल्या मल्लालाही शेवटी आखाड्यात उतरावंच लागतं. आपणही महिन्यातून एकदा तरी घाटात जाऊ.