कृष्णकमळाचा फाटा

आमच्या साताऱ्याच्या वाड्यात, परसदारी विहिरीच्या कठड्यामागे, कृष्णकमळाची वेल होती. जुन्या तारेवर चढलेली, अर्धी तुळशीकडे आणि अर्धी शेजाऱ्यांच्या भिंतीवर. पावसाळा मुरला की तिला फुलं येत. फूल उमलायचं ते दुपारी, बारा वाजायच्या सुमारास. तोवर सकाळची पूजा कधीच आटोपलेली असे. त्यामुळे आजी ते फूल वाटीत पाणी घालून ठेवायची आणि दिवेलागणीला कृष्णापुढे ठेवायची. दुसऱ्या दिवशी ते मिटलेलं असे.

त्या फुलाची गोष्ट तुम्हीही ऐकलेली असणार. भोवतीचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव. त्यांच्या वरचे पाच पिवळे परागकोश म्हणजे पांडव. मधला हिरवा गोल म्हणजे द्रौपदी आणि सगळ्यांच्या वर तीन टोकं, ती ब्रह्मा, विष्णू, महेश. कुणी द्रौपदीच्या जागी श्रीकृष्ण सांगतात, कुणी त्या तंतूंच्या चक्राला सुदर्शन म्हणतात. एका मे महिन्यात लवकर आलेलं एक फूल घेऊन मी ते तंतू मोजायला बसले. शंभर भरेनात. आजीला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "काही युद्धात पडले असतील, बाई."

पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले आणि ही गोष्ट मला जरा छळू लागली. कारण ही वेल इथली नाहीच. तिच्या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अमेरिका खंडातल्या, मुख्यतः ब्राझील, पेरू, कोलंबिया अशा प्रदेशांतल्या. आमच्या परसातली जात उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातली, व्हर्जिनियापासून फ्लोरिडापर्यंत माळरानावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारी. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला. त्याआधी हे फूल आपल्याकडे कुणी पाहिलं असण्याचा संभव नाही. म्हणजे व्यासांना ते ठाऊक नव्हतं, ज्ञानेश्वरांनाही नव्हतं. मी हे आजीला सुट्टीत मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "मग काय झालं? आली ना शेवटी?" आणि मग तिने मला जे सांगितलं, ते तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ती वेल तिला मिशनच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने दिली होती. माझ्या धाकट्या काकाच्या वेळी आजी तिथे बाळंत झाली होती. दवाखान्याच्या आवारात ही वेल होती. खाटेवरून खिडकीतून ती दिसे. सिस्टरने तिला मोडक्यातोडक्या मराठीत त्या फुलाची गोष्ट सांगितली, पण ती गोष्ट निराळी होती. तंतू म्हणजे येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट. पाच परागकोश म्हणजे त्याच्या पाच जखमा. वरची तीन टोकं म्हणजे तीन खिळे. दहा पाकळ्या म्हणजे दहा प्रेषित. बारांतून विश्वासघात करणारा यहूदा आणि ओळख नाकारणारा पेत्र असे दोघे वगळलेले. वेलीचे तणावे म्हणजे चाबूक. इंग्रजीत तिला पॅशन फ्लॉवर म्हणतात. पॅशन म्हणजे इथे हौस किंवा वासना नव्हे, तर येशूने वधस्तंभावर सोसलेलं दुःख. बाजारात हल्ली पॅशन फ्रूटचं सरबत मिळतं, त्याच्या बाटलीवरचं नाव वाचून तरुण मुलं हसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आजीने ती गोष्ट ऐकून घेतली आणि मग सिस्टरला आपली सांगितली, कौरव-पांडवांची. ती तिने माहेरी ऐकलेली होती. सिस्टरला ती फार आवडली, असं आजीचं म्हणणं. घरी निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून एक फाटा मिळाला. तान्हं मूल एका हातात आणि फाटा दुसऱ्या हातात, अशी ती टांग्यातून घरी आली.

सिस्टरची गोष्ट तरी किती जुनी? स्पॅनिश लोकांना ही वेल नव्या मुलखात भेटली. तिच्या एका जातीचं फळ खाण्याजोगं, आत दाणे, म्हणून त्यांनी तिला 'ग्रानादिया' म्हणजे छोटं डाळिंब असं नाव दिलं. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या औषधी वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला त्यात ती आहे. पुढे १६१० च्या सुमारास रोममध्ये जाकोमो बोसिओ नावाचा लेखक येशूच्या क्रूसावर एक जाडजूड ग्रंथ लिहीत होता. मेक्सिकोत जन्मलेल्या एका धर्मगुरूने त्याला या फुलाची चित्रं दाखवली. गंमत म्हणजे बोसिओचा विश्वासच बसेना. इतकं चमत्कारिक फूल असेल कसं, म्हणून तो ते ग्रंथात घ्यायला कचरत होता. मेक्सिकोहून आलेल्या आणखी लोकांनी खात्री दिली तेव्हा त्याने ते घेतलं आणि युरोपभर ही गोष्ट पसरली. मुकुटाचे काटे बहात्तर होते अशी एक समजूत होती, तेव्हा भाविकांनी हे तंतूही बहात्तर मोजले. मोजणारी मी एकटीच नव्हते तर!

सगळ्यांनाच ती पटली असंही नाही. लंडनमध्ये जॉन पार्किन्सन नावाचा औषधं बनवणारा एक बागवेडा माणूस होता. त्याच्या १६२९ च्या पुस्तकात व्हर्जिनियाहून आलेली, म्हणजे आमच्या परसातलीच जात आहे. भाविकांच्या चित्रात दाखवतात तसे खिळे आणि काटे प्रत्यक्ष फुलात नाहीत, असं सांगून त्याने त्या कथेची चांगलीच टर उडवली. त्याच्या जागी आमची आजी असती तर तिने हा वाद घातला नसता. शेवटी १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने या वेलींना 'पॅसिफ्लोरा' हे शास्त्रीय नाव दिलं. त्यात ती ख्रिस्ती गोष्ट कायमची गोठून राहिली. शास्त्राच्या पुस्तकात येशू आणि आपल्या परसात कृष्ण. जपानात मात्र याच फुलाला घड्याळाचं फूल म्हणतात आणि बंगालमध्ये झुमकोलता. हिंदी मुलखात कुणी राखीफूल म्हणतं. ज्याला जे जवळचं, ते त्याने त्यात पाहिलं.

आपल्याकडे अशा शोभेच्या वेली आणण्यात एकोणिसाव्या शतकातल्या बागवेड्या साहेबांचा हात मोठा. त्या काळातला एक माणूस मला फार आवडतो. जॉन ग्रॅहम. मुंबईत टपाल खात्यात डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. नोकरी टपालाची आणि जीव झाडांत. मुंबई आणि आसपासच्या झाडांची त्याने यादी केली, रानातली आणि बागेत लावलेली दोन्ही. ती १८३९ साली छापली जात असतानाच तो खंडाळ्याला वारला आणि जोसेफ निम्मो या त्याच्या मित्राने ती पुरी केली. त्याच सुमारास लंडनच्या डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड याने काचेची बंद पेटी शोधून काढली होती. आतला ओलावा आतच फिरतो, त्यामुळे महिनोन्‌महिने जहाजावर पाणी न घालताही रोपं जगतात. १८३३ साली अशा पेट्या पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि मग जगभर झाडांची ये-जा सुरू झाली. अर्थात आपल्या गावोगावच्या बायकांकडे काचेची पेटी नव्हती. त्यांच्याकडे ओलं फडकं होतं आणि डालडाचा डबा होता.

आजीने तिच्या वेलीचे किती फाटे दिले याची गणती नाही. हळदीकुंकवाला आलेली बाई ओटीबरोबर फाटा घेऊन जायची. पेन्सिलीएवढी जाड काडी, तीन डोळे असलेली, खालचा डोळा मातीत. माहेरवाशिणींबरोबर फाटे सोलापूरला गेले, कोल्हापूरला गेले, माझ्या लग्नानंतर एक माझ्याबरोबर पुण्याला आला. फळ मात्र त्या वेलीला कधी धरलं नाही. आजी म्हणायची, देवाला वाहिलेली वेल, तिला फळाची आशा कशाला?

१९९४ साली वाडा पाडला. आजी त्याआधी सहा वर्षांपूर्वी गेली होती. बिल्डरने परसातलं काहीही हलवायला आठ दिवस देतो म्हणून कबूल केलं होतं, प्रत्यक्षात आम्ही पोचलो तेव्हा विहीर बुजलेली होती आणि तिच्यावर राडारोडा होता. मला त्याचं तेवढं वाटलं नाही, कारण माझ्या गॅलरीत वेल होती ना. पण २००३ साली आमच्या इमारतीला रंग काढला तेव्हा रंगाऱ्यांनी तारेसकट ती उतरवली आणि कुंडीत जे खोड उरलं ते काही फुटलं नाही. त्या दिवशी मात्र मी जेवले नाही. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी नर्सरीतून कृष्णकमळाचं रोप आणलं. चांगलं होतं, पण ते लाल निघालं. नर्सरीवाले या कुळातल्या सगळ्यांनाच कृष्णकमळ म्हणतात.

मग मी फोन सुरू केले. सोलापूरच्या मावशी वारल्या होत्या आणि त्यांच्या मुलाने अंगणात फरशी घातली होती. वाईच्या एका बाईंनी अगत्याने फाटा पाठवला. तो लागला, वाढला, आणि निघाली रानात कुंपणावर वाढते ती वेलघाणी! पानं चुरगळली की उग्र वास, फुलाभोवती जाळीदार शेवाळासारखं आवरण. तीही याच कुळातली आणि अमेरिकेचीच, पण ती इथे इतकी माजली आहे की तण म्हणून उपटावी लागते. तेव्हा ओळखीचा फाटासुद्धा लावण्याआधी नीट बघून घ्यावा, हे मी शिकले. शेवटी २००५ साली कोल्हापुरात, आईच्या एका मैत्रिणीच्या संडासामागे वेल सापडली. पान तीन बोटांचं, देठाच्या टोकाला मोहरीएवढ्या दोन ग्रंथी, फूल फिकट जांभळं. काकू म्हणाल्या, "तुझ्या आजीने दिली होती गं. दरवर्षी वाटतं काढून टाकावी, चार हातांवर नवे फुटवे काढते मेली. पण हात होत नाही."

आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना मी ही सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही आजीच्या वेलीची मुलगी आणलीत असं समजता, पण ती मुलगी नव्हे. फाटा म्हणजे तीच वेल. दवाखान्यातली, साताऱ्याची, कोल्हापूरची, सगळी मिळून एकच झाड." आणि फळ न धरण्याचं कारणही तेच. ही जात स्वतःचे पराग स्वतःला लागू देत नाही. फूल उमलतं तेव्हा ती वरची तीन टोकं ताठ उभी असतात, मग हळूहळू परागकोशांच्या पातळीपर्यंत खाली वाकतात. मध प्यायला काळा भुंगा आला की त्याच्या पाठीवरचे पराग त्यांना लागतात. पण ते पराग त्याच वेलीचे असतील, तर काही उपयोग नाही. निराळ्या बीपासून वाढलेली, रक्ताचं नातं नसलेली वेल जवळ हवी. आमच्या घराण्याने पन्नास वर्षं एकमेकींना एकच वेल वाटली, मग फळ कुठून येणार!

परक्या वेलीचा शोध घ्यायला आणखी काही वर्षं गेली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं. तिथे बोन्सायच्या मंडपाबाहेर एका गृहस्थांशी बोलता बोलता कळलं की त्यांनी याच जातीची वेल बियांपासून वाढवली आहे. बी बंगळूरहून आलेलं. मी माझी कहाणी सांगितली, त्यांनी पत्ता दिला. फाट्याच्या बदल्यात फाटा, असा सौदा ठरला.

दोन्ही वेली एका तारेवर चढायला दोन पावसाळे लागले. मध्येच केशरी फुलपाखरांच्या काटेरी अळ्यांनी निम्मी पानं फस्त केली. प्राध्यापक म्हणाले, मारू नका, ती याच वेलींवर वाढतात. मी निम्म्या अळ्या हाताने उचलून आमच्या लाल कृष्णकमळावर सोडल्या, नवऱ्याला न सांगता. भुंगा येईल न येईल, म्हणून दुपारी साडेबाराला मीच रंगाच्या बारीक कुंचल्याने एका वेलीचे पराग दुसरीला लावले. आठवड्याने देठाशी हिरवी गोळी दिसली. ती कोंबडीच्या अंड्याएवढी झाली, मग पिवळसर पडली आणि एका सकाळी आपोआप गळून कुंडीत पडलेली मिळाली. आत पिशवीसारख्या आवरणात काळ्या बिया आणि जरासा आंबटगोड गर. चव बरी. फार काही नाही.

बिया रुजायला भलत्याच हट्टी. महिना झाला, दीड महिना झाला, काही दिसेना. मग एकेक करून चार उगवल्या. एक मी बंगळूरची वेल देणाऱ्या गृहस्थांना दिली, एक प्राध्यापकांच्या गच्चीवर आहे. तिसरी डब्यात घालून एसटीने कोल्हापूरला नेली. काकूंना आता नीट दिसत नाही. त्यांनी पानावर बोट फिरवून तीन बोटं मोजली, देठावरच्या दोन ग्रंथी चाचपल्या आणि विचारलं, "ही कुणाची?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)