तळटीप : सरकारी शाळांमागचा हेतू

१. ‘इंग्रजांना फक्त कारकून हवे होते’ हे लेखकाचे विधान अपुरे आहे. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत, १८२१ मध्ये, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात निघालेली पाठशाळा संस्कृतची होती आणि तिला पैसा मिळाला तो विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्यासाठी असलेल्या पेशव्यांच्या निधीतून. नाराज ब्राह्मणवर्ग राज्याशी बांधून ठेवणे ही तेव्हाची निकड होती. १८३५ च्या मेकॉलेच्या शिक्षणविषयक टिपणानंतर इंग्रजी जाणणारा मध्यस्थ वर्ग घडवण्यावर भर आला. कमी पगाराचे नोकर, विलायती मालाला गिऱ्हाईक, पाश्चात्त्य ज्ञानच श्रेष्ठ हा प्रामाणिक अहंकार, सारे त्यात मिसळलेले होते. वरच्यांना शिकवले की विद्या खाली झिरपेल, या धोरणाची किंमत मात्र शेतकऱ्याने मोजली. त्याच्या शेतसाऱ्यावर उच्चवर्णीयांची मुले शिकतात, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला लेखी सुनावले आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले.