नांगर, पापड आणि लक्षात राहिलेलं नाव



आज आपण थोडं जुन्या काळात फिरून येऊ. पण सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आम्ही काही जणींनी पुण्यातल्या एका प्रदर्शनात पहिल्यांदा माल मांडला. बाजरीच्या खारोड्या, कुरडया, शेंगदाण्याची चटणी. तीन दिवसांत सगळं संपलं. आम्ही हरखून गेलो. पुढच्या वर्षी त्याच जागी एक ताई आल्या. म्हणाल्या, "मागच्या वर्षी खारोड्या नेल्या त्या तुमच्याच ना? महिन्यात संपल्या. परत मागवायच्या होत्या, पण पिशवीवर ना नाव, ना नंबर. शेवटी दुसरीकडून घेतल्या. आता तिथूनच घेते."

माल चांगला होता. गिऱ्हाईक यायला तयार होतं. आम्हीच बारा महिने गप्प बसलो होतो.

खरं तर आपल्या आज्यांच्या काळातल्या कासारणीला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. नागपंचमी जवळ आली की ती गावात यायचीच. ठरलेल्या ओसरीवर बसायची. सगळ्याच बाया दर वेळी बांगड्या भरायच्या असं नाही. तरी ती प्रत्येकीची चौकशी करायची, कोणाची लेक लग्नाला आली ते ध्यानात ठेवायची. मग त्या घरी लग्न निघालं की निरोप तिलाच जायचा. विक्री नसतानाही ती येत राहिली, म्हणून विक्रीच्या वेळी तिचं नाव आठवलं.

आता एका नांगराची गोष्ट ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे ते कडबा कापायची यंत्रं करू लागले आणि १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. आपल्या भागात नीरा डाव्या कालव्याचं पाणी येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा उपटायला लाकडी नांगर कसा कमी पडतो, हे आपल्या वाडवडिलांना सांगायला नको. लोखंडी नांगर खोल जायचा. तरी शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमीन नासते, अशी तेव्हा समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

पुढे औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा आणि पैशाची मदत दिली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर खपू लागले. पण एक अडचण राहिलीच. नांगर म्हणजे काही मीठ-मिरची नव्हे. एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. मग मधल्या काळात शेतकऱ्यानं आपलं नाव का लक्षात ठेवावं?

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचं काम पाहायचे. त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. त्यात कारखान्याची, मालाची माहिती असायची. हळूहळू त्यात गोष्टी आल्या, लेख आले, समाजातल्या प्रश्नांची चर्चा आली. ज्या घरात यंदा नांगर घ्यायचा नव्हता, त्या घरातही किर्लोस्कर हे नाव महिन्याच्या महिन्याला पोचू लागलं. माणसं ते वाट पाहून वाचू लागली, कारण त्यात त्यांच्या उपयोगाचं काहीतरी असायचं.

ते पत्रक वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झालं. आणि १९३० साली त्याच घरातून एक नवं मासिक निघालं, 'स्त्री'. मराठी बायकांच्या कितीतरी पिढ्यांनी ते वाचलं, त्यात लिहिलं. म्हणजे बघा, एका नांगराच्या जाहिरातीचं बोट धरून बायकांचं मासिक महाराष्ट्रात घरोघरी गेलं. आज आपण बायका मासिकात लिहितो, रेडिओवर बोलतो, त्या वाटेवरचं हे एक मोठं पाऊल.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्याच बायांची. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. पहिल्याच वर्षी पाऊस आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. चार महिने बाजारात माल नाही म्हणजे काय, ते आपल्याला कळतं. गिऱ्हाईक घरी पापड नाही म्हणून थांबत नाही. ते दुसऱ्याचं पाकीट उचलतं आणि त्याच चवीला सरावतं. त्या बायांनी पुढच्या पावसाळ्यात एक खाट आणली, खाली शेगडी ठेवली आणि खाटेवर पापड वाळवले. काम थांबलं नाही.

१९६२ मध्ये त्यांनी पापडाला नाव ठेवलं, 'लिज्जत'. तेच नाव पाकिटावर छापत राहिल्या. पुढे टीव्ही आला तेव्हा रामदास पाध्ये यांचा बोलका ससा त्यांच्या जाहिरातीत आला आणि लहान पोरांनाही तो पाठ झाला. पण ससा पुष्कळ नंतरचा. त्याआधी कितीतरी वर्षं एकच चव, एकच नाव आणि न चुकता माल, हीच त्यांची जाहिरात होती. मालच वाईट असता तर सशानं एकदाच विकून दिला असता. दुसऱ्यांदा कोणी घेतला नसता.

आता आपल्या दाराशी येऊ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. मराठ्यांच्या फौजेतली भीमथडी तट्टं एके काळी नावाजलेली होती. आता ती क्वचितच दिसतात. तरी पुण्यातल्या माणसाला भीमथडी म्हटलं की लगेच कळतं, कारण बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा डिसेंबरात तिथे भरते आणि पुणेकर तिची वाट पाहतात. पुन्हा पुन्हा घेतलं म्हणून नाव जगलं. मात्र एक ध्यानात घ्या. जत्रा लक्षात राहते, जत्रेतला आपला गाळा राहतोच असं नाही. तो लक्षात राहायचा तर उरलेले अकरा महिने आपणच बोलत राहायला हवं.

त्याला फार पैसा लागत नाही. त्या ताई गेल्यावर आम्ही गटात बसून चार गोष्टी ठरवल्या. प्रत्येक पाकिटावर गटाचं एकच नाव, तेही एकाच रंगात आणि अक्षरात. खाली फोन नंबर. घेणाऱ्याचं नाव आणि नंबर एका वहीत. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांना मोबाईलवर एक निरोप. तो नुसता 'घ्या, घ्या' असा नाही. कधी मसाल्याला जाळी लागू नये म्हणून काय करावं, कधी कुरडई तळताना तेल किती तापवावं, असं काहीतरी कामाचं.

पहिले तीन-चार महिने कोणी उत्तर दिलं नाही. एक जण म्हणाली, "कशाला उगी बोटं झिजवायची?" आम्हालाही तसंच वाटायला लागलं होतं. पण निरोप थांबवला नाही. उन्हाळा लागला, मसाल्याचे दिवस आले, तसे फोन यायला लागले. मसाला माणूस वर्षातून एकदाच करतो. त्या आठवड्यात आपलं नाव आठवलं तर वर्षाचं काम झालं. आणि ते कोणत्या आठवड्यात आठवेल हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून बाराही महिने हजर राहायचं.

बचत गटाचा हप्ता आपण एकही महिना चुकवत नाही. थोडा-थोडाच असतो, पण त्यानंच पेटी भरते. गिऱ्हाइकाच्या मनातली आपली जागाही तशीच भरते. तेव्हा आजच एक वही घ्या. मागच्या दिवाळीला ज्यांनी तुमच्याकडून फराळ नेला, त्यांची नावं आठवतील तेवढी लिहून काढा. आणि पुढची दिवाळी यायच्या आधी त्यांची एकदा तरी ख्यालीखुशाली विचारा.