डोक्यातला किडा

"याच्या डोक्यात काय किडा वळवळतोय कोण जाणे!" वर्गात मस्ती करणाऱ्या पोरांना उद्देशून हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल. पण माझ्या एका विद्यार्थ्याच्या डोक्यात खरोखरच किडा होता, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

गोष्ट १९८३ च्या सुमाराची. आठवीतला मुलगा. गणितात हुशार. प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभा असताना एकाएकी कोसळला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून आणला. कांदा आणायला मीच पोराला पिटाळलं होतं, खोटं कशाला बोलू? महिन्याभरात असं तीनदा झालं. घरच्यांनी भगताकडे नेलं, त्याने उतारा केला, गंडा बांधला. मग सहा-आठ महिने फिट आली नाही. भगताचा जयजयकार! पुन्हा आली तेव्हा वडील मला विचारायला आले आणि मी म्हणालो, "काही दिवस घरीच ठेवा, बाकीची मुलं घाबरतात." तो घरी राहिला तो कायमचाच.

गेल्या वर्षी तो आला. आता पन्नाशी उलटलेली, शेती करतो. बऱ्याच वर्षांनी पुन्हा एक फिट आली म्हणून डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन करायला लावला होता. फिल्मवर मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. डॉक्टर म्हणाले, ही बहुधा जुनी मेलेली अळी, तिच्यावर कॅल्शियम बसलंय. तो माझ्याकडे आला होता वेगळ्याच कामासाठी. मुलीचं लग्न ठरत होतं. हळू आवाजात म्हणाला, "सर, सोयरासले हाई सांगू का नको?"

त्याला मी म्हटलं, मला दोन दिवस दे. आणि वाचायला बसलो. बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा मागचा धागा धरून वाचायची सवय आहे. जे समजलं ते तुमच्यापुढे मांडतो.

हा डुकरातला पट्टकृमी. कच्चं-अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं की त्यातल्या अळीचा माणसाच्या आतड्यात लांबलचक जंत होतो. हे १८५५ मध्ये जर्मनीत क्यूखेनमाइस्टर नावाच्या डॉक्टरने सिद्ध केलं. कसं? फाशीच्या कैद्याला अळ्या असलेलं मांस खाऊ घातलं आणि फाशीनंतर आतडी तपासली! शास्त्र पुढे गेलं, पण त्या कैद्याला कुणी विचारलं नसणार.

मेंदूचा आजार मात्र मांसातून होत नाही. आतड्यात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातावरून, कच्च्या भाजीवरून, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्यातून निघालेली अळी रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन बसते. म्हणजे जन्मभर माळ घातलेल्या वारकऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांत, जिथे डुक्कर निषिद्ध, तिथेही हे रुग्ण सापडले आणि १९९२ मध्ये त्यावर लेख छापून आला. तेव्हा ज्यांच्या दारात डुकरं असतात त्यांना नावं ठेवून आपण सुटत नाही.

जिवंत अळी बहुतेक वेळा गुपचूप पडून असते. ती मरायला लागली की भोवती सूज येते आणि फिट येते. हे घडायला कधी कधी वर्षानुवर्षं लागतात. म्हणूनच निदान अवघड. १९३० च्या दशकात मॅकआर्थर नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांच्या लक्षात आलं, की मायदेशी परतलेल्या ज्या सैनिकांना मोठेपणी अचानक मिरगी सुरू होते, त्यांतले बरेच जण हिंदुस्थानात राहून आलेले असतात. तेव्हा हाताशी होता फक्त एक्स-रे. त्यात मांडीच्या स्नायूंत दाण्यांसारख्या पांढऱ्या खुणा दिसत, त्यावरून मेंदूचा अंदाज बांधायचा. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. गोऱ्या सोजिरांची मोजदाद झाली. इथे राहणाऱ्या आमच्या पोरांची कोण करणार?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विंबल्डनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा स्कॅन घेतला. ते यंत्र आपल्याकडच्या मोठ्या शहरांत आलं आणि एक नवंच कोडं उभं राहिलं. फिट येणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या मेंदूत एकच छोटी, कड्यासारखी किंवा टिकलीसारखी गाठ दिसू लागली. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये यावर इंग्लंडच्या नियतकालिकात लिहिलं. दुसरे वाडिया, मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया. त्यांनी १९८८ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात अंगभर अळ्या पसरलेल्या रुग्णांबद्दल आणि त्यांच्यावरच्या औषधाच्या अनुभवाबद्दल लिहिलं.

ती एकुलती गाठ कशाची? आपल्या देशात उत्तर तयारच होतं : क्षयाची. महिनोन्महिने क्षयाची औषधं द्यायची, पुन्हा स्कॅन काढायचा, गाठ गायब! म्हणजे क्षयच होता, असं बऱ्याच डॉक्टरांना वाटे. पण औषध न देताही गाठी विरून जातात, हेही दिसू लागलं. शेवटी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी काही गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आत अळी होती. हे १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे मी वाचता वाचता थांबलो. भगताने गंडा बांधला, फिट थांबली, श्रेय गंड्याला. डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या दिल्या, गाठ गेली, श्रेय गोळ्यांना. चूक दोघांची सारखीच की हो! फरक एवढाच, की वेल्लोरच्या मंडळींनी गाठ उघडून पाहिली आणि चूक कबूल करायची तयारी ठेवली. शास्त्र म्हणजे दुसरं काय असतं?

१९८९ मध्येच अमेरिकेत एक चांगली रक्तचाचणी निघाली, पण मेंदूत एकच अळी असेल तर तीही पुष्कळदा चुकते. एम.आर.आय.मध्ये गाठीच्या आत अळीचं डोकं ठिपक्यासारखं दिसलं, तर मात्र शंका उरत नाही. एरवी स्कॅन, रक्त, लक्षणं आणि रुग्ण कुठे राहतो, हे सगळं जुळवून डॉक्टर निर्णय घेतात. त्यासाठी १९९६ मध्ये निकष ठरवले गेले, २०१७ मध्ये ते सुधारले. आणि एक सांगतो, जंताचं औषध मनाने घेऊ नये. अळ्या एकदम मेल्या तर सूज वाढून उलट जिवावर बेतू शकतं.

तिसऱ्या दिवशी तो आला. मी सांगितलं, "हे रक्तातून उतरत नाही. तुझ्या मुलीला याची काही बाधा नाही. सोयऱ्यांना उघड सांग, ती फिल्म दाखव, हवं तर मी येतो." वारंवार फेफरं येणाऱ्याला विवाहास अपात्र ठरवणारा शब्द आपल्या हिंदू विवाह कायद्यातही होता, तो १९९९ मध्ये काढला गेला. कायद्यातून गेला, लोकांच्या मनातून जायला वेळ लागणार.

मी गेलो त्याच्याबरोबर. व्याही शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे हात धुवायची गोष्ट आहे." लग्न झालं.

मांडवात त्याने मला पुढे बसवलं, पाया पडला. मला मात्र आठवत होता तो आठवीतला रिकामा बाक. अळीने त्याचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त माझ्या त्या एका वाक्याने केलं. बाकीची मुलं घाबरत नव्हती हो, मी घाबरलो होतो.

असो. तुमच्या ओळखीत कुणाला फिट येत असेल तर चप्पल-कांदा नको. कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि शाळेतून काढू नका.